कोपरखैरणे-ऐरोलीचं टर्शिअरी पाणी डेटा सेंटरच्या कूलिंग टॉवरला कितपत चालतं?

दिघ्याहून तुर्भ्याकडे ठाणे-बेलापूर रस्त्यानं निघालं की उजव्या हाताला ऐरोली, घणसोली, कोपरखैरण्याच्या सोसायट्या लागतात आणि डाव्या हाताला एमआयडीसी. डावीकडे जुन्या कारखान्यांच्या शेडमधून बिनखिडक्यांच्या उंच इमारती वर आल्या आहेत. गच्चीवर ओळीनं पंखे, आवारात डिझेल जनरेटरची रांग. ही डेटा सेंटरं. देशातल्या डेटा सेंटर क्षमतेपैकी जवळपास निम्मी मुंबई परिसरात आहे, कारण समुद्राखालच्या केबल मुंबईत येऊन टेकतात आणि मोठ्या दाबाची वीज व सलग भूखंड खाडीच्या अलीकडे मिळतात. उन्हाळ्यात पाणीकपात लागली की उजव्या हाताची मंडळी डाव्या हाताकडे बोट दाखवतात. त्यावर ठरलेलं उत्तर येतं: "आम्ही रिसायकल पाणी वापरतो."

या उत्तरामागे जी सेवा आहे, तिची ही पारख. नवी मुंबई महापालिकेनं कोपरखैरणे आणि ऐरोलीच्या मलप्रक्रिया केंद्रांना जोडून अमृत योजनेतून प्रत्येकी २० एमएलडीची, म्हणजे रोज २ कोटी लिटरची, टर्शिअरी ट्रीटमेंट केंद्रं (मैलापाण्यावर नेहमीची प्रक्रिया झाल्यावर ते पुन्हा गाळून शुद्ध करणारी) उभारली. तिथलं पाणी टीटीसी (ट्रान्स-ठाणे क्रीक) औद्योगिक पट्ट्याला, म्हणजे याच एमआयडीसीला द्यायचं, असा बेत. डेटा सेंटरच्या कूलिंग टॉवरला (सर्व्हरची उष्णता पाण्याची वाफ करून हवेत टाकणाऱ्या मनोऱ्याला) ते पाणी चालतं का, चालवायला काय करावं लागतं आणि त्यानं नळाच्या पाण्यावरचा भार खरंच उतरतो का, हे तीन प्रश्न.

पाणी नेमकं कुणाचं

बहुतेक तक्रारींत इथंच गल्लत होते. महापालिकेचं पाणी मोरबे धरणाचं. धावरी नदीवरचं, खालापूर तालुक्यातलं हे धरण महापालिकेच्या मालकीचं आहे आणि भोकरपाड्याच्या जलशुद्धीकरण केंद्राची क्षमता ४५० एमएलडी आहे. एमआयडीसीचं पाणी वेगळं. ते बारवी धरणातून उल्हास नदीत सोडलं जातं, जांभूळला उचलून शुद्ध होतं आणि तिथून औद्योगिक पट्ट्यात येतं. म्हणजे रबाळे-महापे एमआयडीसीतलं डेटा सेंटर वाशी-नेरुळच्या मोरब्यातून थेट पाणी ओढत नाही.

पण म्हणून विषय मिटत नाही. बारवीच्याच पाण्यावर कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, मिरा-भाईंदर आणि ठाण्याचा कळवा-मुंब्रा-दिवा भाग विसंबून आहे. नवी मुंबईतही दिघ्याकडच्या भागाला एमआयडीसीकडून पाणी घ्यावं लागतं. रबाळ्यात वाढलेल्या वापराचा चिमटा मोरब्याच्या पातळीत दिसणार नाही. तो दिव्यात किंवा दिघ्यात, वाहिनीच्या शेपटाला राहणाऱ्यांना बसेल. मोर्चा महापालिकेवर न्यायचा की एमआयडीसीच्या कार्यालयावर, हे आधी ठरवा. पनवेलकडच्या डेटा सेंटरांचा हिशेब आणखी निराळा, तो इथं घेतलेला नाही.

एका मेगावॉटला पाणी किती

वर्तमानपत्री आकड्यांपेक्षा साधं गणित बरं. एक युनिट वीज सर्व्हरमध्ये जळली की ८६० किलोकॅलरी उष्णता होते. एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी घेऊन जातं. म्हणजे युनिटमागे जवळपास दीड लिटर. चिलरच्या (सर्व्हरकडे जाणारं पाणी गार करणाऱ्या यंत्राच्या) कॉम्प्रेसरची उष्णता त्यात मिळते, थोडी उष्णता वाफेविना नुसत्या हवेत जाते. ही बेरीज-वजाबाकी बरीचशी एकमेकींना खाते. दीड लिटर धरून चाला. १ मेगावॉटचे दिवसाला २४,००० युनिट, त्याचं बाष्पीभवन ३६,००० लिटर.

एवढ्यावर भागत नाही. वाफ शुद्ध पाण्याची होते, क्षार मागे राहतात. ते साचून टॉवरची वाट लावू नयेत म्हणून बेसिनमधलं (टॉवरच्या तळटाकीतलं) थोडं पाणी सतत सोडून द्यावं लागतं. त्याला ब्लोडाउन म्हणतात. मेकअपच्या, म्हणजे भर म्हणून नव्यानं घेतलेल्या, पाण्यातले क्षार किती पट होईपर्यंत थांबायचं, तो आकडा म्हणजे सायकल्स ऑफ कॉन्सन्ट्रेशन, प्लँटवर सगळे सीओसी म्हणतात. ब्लोडाउन म्हणजे बाष्पीभवन भागिले (सीओसी उणे एक). हे एकच सूत्र लक्षात ठेवलं तरी निम्म्या जाहिराती तपासता येतात.

१० मेगावॉटचा सर्व्हर-भार पूर्ण चालला आणि सीओसी ३ असेल तर रोज ५ लाख ४० हजार लिटर लागतात. सीओसी ५ ला साडेचार लाख. ८ ला ४ लाख ११ हजार. तीनवरून पाचवर गेल्यानं ९० हजार लिटर वाचतात, पाचवरून आठवर गेल्यानं फक्त ३९ हजार. म्हणून "आमचा सीओसी दहा" अशी फुशारकी ऐकली तर फार भारावून जाऊ नका. तीनवर अडकलेला टॉवर पाचवर आणणारा ऑपरेटर जास्त कामाचा.

साडेचार लाख लिटर म्हणजे १० हजार लिटरचे ४५ टँकर, किंवा माणशी १३५ लिटरच्या हिशेबानं चार माणसांची सव्वाआठशे घरं. आकडा मोठा वाटतो. पण १०० मेगावॉटला ४.५ एमएलडी, म्हणजे मोरब्याच्या ४५० एमएलडीशी ताडून पाहिलं तर एक टक्का. "डेटा सेंटर धरण पिऊन टाकतं" हे खोटं आहे. खरं दुखणं वेगळं. हा एक टक्का एकाच वाहिनीच्या एका टोकाला लागतो, आणि तो वर्षभर रात्रंदिवस सारखा लागतो. कपातीच्या आठवड्यात घरचा माणूस बादलीत भागवतो. टॉवरला बादलीचं गणित कळत नाही.

दोन सावधगिऱ्या. बातमीतला मेगावॉटचा आकडा बहुधा मंजूर किंवा पूर्ण क्षमतेचा असतो, प्रत्यक्ष भार त्याहून बराच कमी असू शकतो. आणि सगळीच डेटा सेंटरं पाण्यावर चालत नाहीत. कित्येकांकडे एअर-कूल्ड चिलर आहेत, त्यांच्या कूलिंगला रोज जवळपास शून्य पाणी लागतं. गच्चीवर नुसते आडवे पंखे आणि बाजूला उभ्या जाळीदार कॉइल दिसल्या तर एअर-कूल्ड. थंडीच्या सकाळी वर पांढुरकी वाफ आणि खाली पाण्याची सर कोसळल्यासारखा आवाज असेल तर कूलिंग टॉवर. आधी हे बघून घ्या, मग पत्र लिहा.

टर्शिअरी पाण्यात काय असतं, काय नसतं

नवी मुंबईच्या मलप्रक्रिया केंद्रांत एसबीआर पद्धत आहे, म्हणजे एकाच टाकीत हवा देणं, गाळ बसवणं आणि वरचं पाणी काढणं आळीपाळीनं चालतं. ही पद्धत नीट चालवली तर सेंद्रिय घाण, अमोनिया आणि बराचसा फॉस्फरसही उतरतो. देशातल्या अनेक शहरांच्या मैलापाण्याच्या तुलनेत सुरुवातच चांगल्या पाण्यापासून होते, ही या सेवेची खरी जमेची बाजू. पुढच्या टप्प्यात अल्ट्राफिल्ट्रेशन. त्या पडद्याची छिद्रं साधारण ०.०१ ते ०.१ मायक्रॉनची असतात; गढूळपणा, बॅक्टेरिया, गाळाचे कण अडतात. दिसायला हे पाणी बाटलीतल्या पाण्यासारखं असतं.

आणि इथंच फसगत होते. अल्ट्राफिल्ट्रेशन विरघळलेला क्षार अडवत नाही. मीठ, कॅल्शियम, उरलेलं फॉस्फेट, उरलेला अमोनिया आरपार जातो. क्षार काढायला आरओ लागतो. चेन्नईत कोडुंगैयूर आणि कोयंबेडूला प्रत्येकी ४५ एमएलडीची केंद्रं आहेत, त्यांत आरओ धरूनच पाणी उद्योगांना जातं. आपल्याकडे आरओचं काम गिऱ्हाइकावर सोडलेलं आहे. हा दोष म्हणावा की शहाणपण? बागेला, रस्ते धुवायला, बांधकामाला आरओची गरज नाही, सगळ्यांसाठी तो खर्च करणं उधळपट्टी झाली असती. फक्त डेटा सेंटरनं "महापालिका शुद्ध करून देते" म्हणून निर्धास्त राहू नये.

वापराप्रमाणे गुण द्यायचे तर बाग आणि रस्ते: पाचपैकी पाच. शौचालयातलं फ्लशिंग: चार, बाकी एक दुहेरी प्लंबिंगच्या कटकटीचा. कूलिंग टॉवरला थेट, काही न करता: अडीच. साइड-स्ट्रीम फिल्टर (फिरत्या पाण्याचा थोडा भाग सतत गाळणारा), रसायनांचं नीट डोसिंग आणि थोडा आरओ मिसळून: चार. चिलरच्या बंद लूपमध्ये किंवा ह्युमिडिफायरला: शून्य, तिथं क्षार काढलेलं (डीएम) पाणीच लागतं.

टॉवरमध्ये काय बिघडतं

क्लोराइड सर्वांत मोठा. मेकअपमध्ये ६० मिलिग्रॅम क्लोराइड असेल तर सीओसी ५ ला बेसिनमध्ये ३०० होतं. ३०४ ग्रेडच्या स्टीलला २०० ते ३०० च्या वर टोचे पडायला लागतात. आता गंमत अशी, की नवी मुंबईचे नोड खाडीकाठी भराव घालून केलेले, बरेच भाग भरतीच्या पातळीपेक्षा खाली आणि धारण तलावांच्या जिवावर कोरडे राहणारे. अशा जागी जुन्या मलवाहिनीचे सांधे सैल झाले की भरतीला खारं पाणी आत झिरपतं. घरातल्या सांडपाण्यात मीठ वाढलेलं नसतं, वाहिनीत मिसळलेलं असतं. म्हणून महिन्यातून एकदा घेतलेला नमुना काही सांगत नाही. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला, भरतीनंतर काही तासांनी घेतलेला नमुना हवा, आणि इनलेटला ऑनलाइन कंडक्टिव्हिटी मीटर (पाण्यातल्या क्षाराचा अंदाज देणारा). कंडक्टिव्हिटी ठरलेल्या मर्यादेच्या वर गेली की व्हॉल्व्ह आपोआप बंद होऊन साठ्यातलं पाणी सुरू व्हावं. उपाय स्वस्त आहे. टॉवरचे भाग ३१६ स्टीलचे किंवा एफआरपीचे (फायबरग्लासचे) घेणं महाग, पण एकदाच.

अमोनिया दोन बाजूंनी मारतो. चिलरच्या कंडेन्सरच्या (टॉवरच्या पाण्याला उष्णता देणाऱ्या भागाच्या) तांब्याच्या नळ्या खातो, आणि क्लोरिन पिऊन टाकतो. १ मिलिग्रॅम अमोनिया संपवायला ८ ते १० मिलिग्रॅम क्लोरिन लागतं. तो संपेपर्यंत जंतू मारायला क्लोरिन शिल्लकच राहत नाही. ऑपरेटर म्हणतो डोस दुप्पट केला तरी रेसिड्युअल (शिल्लक क्लोरिन) शून्य दाखवतं, पंपच बिघडलाय. पंप बहुतेक ठीक असतो, अमोनिया बघा. एसबीआरमध्ये हवा कमी पडली, ब्लोअर बंद पडला किंवा पावसाळ्यात प्रवाह दुप्पट झाला की अमोनिया निसटतो. अशा वेळी क्लोरिनबरोबर सोडियम ब्रोमाइड देणं हा नेहमीचा तोडगा. ब्रोमिन अमोनिया असतानाही काम करतं. तांब्यासाठी अ‍ॅझोल वर्गातलं इनहिबिटर, म्हणजे गंज रोखणारं रसायन.

फॉस्फेट कॅल्शियमशी जुळून कंडेन्सरच्या गरम टोकाला पांढरा थर धरतो. साध्या कार्बोनेटच्या थरापेक्षा हा चिवट, आम्लानं धुतला तरी कोपऱ्यांत उरतो. पीएच थोडा खाली ठेवणं आणि योग्य डिस्पर्संट (थर धरू न देणारं रसायन), एवढंच हातात आहे. थर बसतोय हे डोळ्यांना दिसायच्या आधी कंडेन्सरच्या अप्रोचमध्ये दिसतं. गॅसचं तापमान आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याचं तापमान यांतला फरक रोज एकाच भाराला लिहून ठेवा. तो एका अंशानं वाढला की चिलरची वीज २ ते ३ टक्के वाढली समजा. पाणी वाचवायला निघालेला माणूस वीज अशी गमावतो आणि दोष पाण्याच्या माथी मारून ताज्या लाइनवर परत जातो. सगळ्यात जास्त प्रयोग इथंच फसतात.

जैविक थर आणि लेजिओनेला (तुषारांतून फुप्फुसात जाणारा रोगजंतू). नवी मुंबईच्या हवेत बेसिनचं पाणी वर्षभर २८ ते ३५ अंशांत असतं, लेजिओनेला २० ते ४५ मध्ये फोफावतो. म्हणजे त्याच्यासाठी बाराही महिने सुगी. पाणी ताजं असो की टर्शिअरी, हा धोका आहेच, फक्त टर्शिअरीत जंतूंचं खाद्य जास्त असतं. आठवड्याला डिप-स्लाइड (जंतू मोजायची पट्टी), मोजणी मिलिलिटरला १० हजारांच्या वर गेली तर बायोसाइडचा (जंतुनाशकाचा) झटका, आणि लेजिओनेलाची स्वतंत्र तपासणी. शेजारच्या सोसायटीला विचारण्याजोगा प्रश्न ड्रिफ्टचा आहे: टॉवरमधून तुषार म्हणून उडणारं पाणी. चांगले एलिमिनेटर (तुषार अडवणाऱ्या पट्ट्या) फिरत्या पाण्याच्या ०.००२ टक्के इतकंच उडू देतात, जुने-तुटलेले ०.०२ टक्के. १० मेगावॉटच्या टॉवरमध्ये तासाला जवळपास १,९०० घनमीटर पाणी फिरतं. तर फरक दिवसाला ९०० लिटर की ९ हजार लिटर, एवढा. गाडीच्या काचेवर रोज पांढरे ठिपके सुकत असतील तर एलिमिनेटर तपासायला सांगा.

ब्लोडाउन जातं कुठं

हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही, आणि टर्शिअरी पाण्याच्या साऱ्या बेताचं यशापयश त्यावर आहे. सीओसी ५ च्या १० मेगावॉट टॉवरचं ब्लोडाउन रोज ९० हजार लिटर, क्षार पाचपट. ते महापालिकेच्या मलवाहिनीत गेलं तर त्याच मलप्रक्रिया केंद्रात परत येतं, अल्ट्राफिल्ट्रेशनमधून आरपार जातं आणि पुन्हा टॉवरला मेकअप म्हणून मिळतं. क्षार शहरातल्या शहरात चकरा मारत वाढत राहतो. एका टॉवरनं काही होणार नाही, चाळीसांनी होईल. ब्लोडाउन एमआयडीसीच्या सांडपाणी वाहिनीतून सामाईक प्रक्रिया केंद्राकडे गेलं पाहिजे किंवा आवारातच आरओ लावून परत वापरलं पाहिजे. आरओ लावला तर त्याचा रिजेक्ट असतो. शंभर लिटरमधले ७० कामाला आले तर ३० लिटर तिप्पट-चौपट खारं पाणी हातात राहतं. "शून्य विसर्ग" लिहिलेलं असेल तर बाष्पक कुठं बसवलाय, त्याची वीज किती आणि सुकलेलं मीठ कुठल्या गाडीनं कुठं जातं, हे विचारा. उत्तर नसेल तर तो शून्य कागदावरचा.

दोन जोडण्यांची मेख

प्रमाणाच्या बाबतीत सेवेला नाव ठेवायला जागा नाही. ४० एमएलडी पूर्ण उचललं आणि सीओसी साडेतीन इतकाच मिळाला तरी ते सुमारे ८०० मेगावॉटच्या पाण्यावर चालणाऱ्या कूलिंगला पुरेल. आपल्याच राज्यात याहून मोठं उदाहरण आहे: कोराडीच्या वीज केंद्राला नागपूरच्या भांडेवाडीतून १३० एमएलडी प्रक्रिया केलेलं सांडपाणी जातं. मैलापाण्यावर जनित्रं थंड होतात, मग सर्व्हर का होणार नाहीत?

अडचण अशी, की डेटा सेंटरची ताज्या पाण्याची जोडणी टर्शिअरी मिळाल्यावर काढून टाकलेली नसते, स्टँडबाय म्हणून राहते. ते समजण्यासारखंही आहे. सर्व्हर बंद पडू देता येत नाहीत आणि टॉवरच्या पाण्याचा किमान १२ तासांचा साठा आवारात ठेवणं हे या धंद्यातलं नेहमीचं बंधन आहे. १० मेगावॉटला १२ तास म्हणजे सव्वादोन लाख लिटर. पण एमआयडीसीचा देखभालीचा शटडाऊन २४ तासांचा असतो आणि त्यानंतर दाब यायला आणखी वेळ जातो. १२ तासांचा साठा ठेवणारा तेराव्या तासाला टँकरवाल्याला फोन लावतो, त्याच टँकरवाल्याला ज्याला सोसायटीचा सेक्रेटरी सकाळपासून लावतोय. ४८ तासांचा साठा म्हणजे ९ लाख लिटर, १५ बाय २० मीटरची, ३ मीटर खोल टाकी. एवढी जागा जनरेटरच्या डिझेलला आणि ट्रान्सफॉर्मरला मिळते, पाण्यालाही मिळू शकते. नवीन भूखंडाला परवानगी देताना ही अट सर्वांत उपयोगी ठरेल, सीओसीच्या अटीपेक्षाही.

टर्शिअरी आणि ताजं पाणी एकाच टाकीत घेऊ नये. वेगळ्या टाक्या, वेगळे मीटर, टर्शिअरीच्या वाहिनीला जांभळा रंग आणि दोन्हींच्या मध्ये व्हॉल्व्ह न ठेवता हवेची मोकळी फट. व्हॉल्व्ह गळतो, फट गळत नाही. एकाच टाकीत दोन्ही पडत असेल तर हिशेबाचीही वाट लागते: कुठलं किती वापरलं हे मग कुणालाच सांगता येत नाही, आणि काहींना ते सोयीचंच असतं.

पाणीच नको म्हटलं तर

एअर-कूल्ड चिलर हा सरळ पर्याय. १ मेगावॉट म्हणजे २८४ टन कूलिंग. पाण्यावरच्या व्यवस्थेपेक्षा हवेवरची टनामागे सुमारे ०.४ किलोवॉट जास्त खाते, म्हणजे मेगावॉटमागे ११५ किलोवॉट, दिवसाला पावणेतीन हजार युनिट जादा. ही वीज औष्णिक केंद्रातून आली तर तिथंही पाणी लागतं. जुन्या केंद्रांना केंद्र सरकारनं २०१५ मध्ये घातलेली मर्यादा युनिटला ३.५ लिटर आहे. त्या हिशेबानं दिवसाला जास्तीत जास्त दहा हजार लिटरच्या आत, इथल्या ४५ हजारांच्या तुलनेत बरंच कमी. राज्याच्या बेरजेत पाणी वाचतं, हे मान्य. फक्त ते दहा हजार रबाळ्याऐवजी मराठवाड्या-विदर्भाच्या खात्यावर पडतात. २०१३ च्या दुष्काळात परळीचं केंद्र पाण्यावाचून बंद ठेवावं लागलं होतं, एवढं लक्षात असू द्यावं.

खाडीची खारी हवा या कॉइलची शत्रू. अ‍ॅल्युमिनिअमचे फिन साध्या रंगाचे घेतले तर काही वर्षांत पिठासारखे गळतात. इपॉक्सी थर दिलेले घ्यावे आणि गोड्या पाण्यानं ठरावीक मुदतीत धुवावे. (हो, "पाणीविरहित" यंत्रणा धुवायला पाणी लागतं.) शिवाय पाण्याची तक्रार मिटली की आवाजाची सुरू होते. रात्री दोन वाजता गच्चीवरचे शंभर पंखे ऐकायला कुणाला आवडतात?

बाष्पीभवनानं हवा थंड करणाऱ्या अ‍ॅडिअबॅटिक यंत्रणांचा इथं फार उदोउदो नको. जुलैत हवाच ओली असते, पाणी मारून ती फारशी थंड होत नाही. आणि एप्रिल-मेमध्ये जेव्हा त्यांचा उपयोग होतो, नेमकं तेव्हाच धरण तळाला असतं. पुण्या-नाशिकला त्या बऱ्या.

एआयच्या सर्व्हरसाठी थेट चिपवर द्रव फिरवतात, त्यामुळे "पाणी लागत नाही" किंवा उलट "भयंकर पाणी लागतं" असं दोन्ही छापून येतं. आतला द्रव बंद नळीत फिरतो, तो संपत नाही. उष्णता शेवटी बाहेर कशी टाकतात यावर पाणी ठरतं. या यंत्रणेचा खरा फायदा असा, की तिला ४० ते ४५ अंशांचं कोमट पाणी चालतं. नवी मुंबईतल्या ३६-३८ अंशांच्या दुपारीही नुसत्या पंख्याच्या ड्राय कूलरनं तेवढं तापमान गाठता येतं, टॉवर नको आणि चिलरही नको. नवीन इमारतीला हाच आग्रह धरावा. चिलरच्या थंड पाण्यावरच द्रव-कूलिंग चालवणार असतील तर पाण्याच्या बाबतीत जुनं तेच.

कागद कुठले बघायचे

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात पाण्याच्या वापराचा तक्ता असतो. त्यातली औद्योगिक कूलिंगची ओळ बघा, घरगुती वापराची वेगळी असते. २० हजार चौरस मीटरहून मोठ्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते आणि तिच्या अटींचा अहवाल दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो. त्या अहवालात "पाण्याचा ताळेबंद राखला जातो" असं एक गोड वाक्य असेल तर ते अहवाल म्हणून धरू नका, मीटरचे आकडे मागा.

माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो, उत्तराची मुदत ३० दिवस. एमआयडीसीला विचारायचं: अमुक भूखंडाची ताज्या पाण्याची मंजूर मागणी आणि गेल्या १२ महिन्यांची मासिक रीडिंग. महापालिकेला विचारायचं: त्याच भूखंडाला दिलेल्या टर्शिअरी पाण्याची तीच १२ रीडिंग, आणि त्या काळात केंद्राबाहेर पडणाऱ्या पाण्याची कंडक्टिव्हिटी, अमोनिया, फॉस्फेट. व्यापारी गुपित म्हणून नकार येऊ शकतो, तेव्हा अपिलाची तयारी ठेवावी. अमेरिकेत ओरेगॉनमधल्या द डॅल्स गावात गूगलच्या डेटा सेंटरांचा पाणीवापर दडवायला खुद्द नगर प्रशासन वर्तमानपत्राविरुद्ध कोर्टात गेलं होतं. डिसेंबर २०२२ मध्ये तडजोड होऊन आकडे बाहेर आले तेव्हा कळलं, की २०२१ मध्ये गावाच्या पाण्याचा चौथ्या हिश्श्याहून जास्त भाग तिकडे गेला होता.

रीडिंग हातात आली की दोन्ही पाण्यांची बेरीज म्हणजे मेकअप. कंपनीकडून ब्लोडाउनच्या मीटरचे आकडे मागा आणि मेकअपला त्यांनी भागा. उत्तर कंपनीनं सांगितलेल्या सीओसीच्या जवळपास यायला हवं. सांगतात पाच आणि निघतात तीन, तर ब्लोडाउन बहुधा हातानं उघडं ठेवलंय. मग मेकअपला सर्व्हरनं जाळलेल्या युनिटच्या आकड्यानं भागा. जगात ज्याला डब्ल्यूयूई म्हणतात तो हाच, अमेरिकेतली सरासरी १.८ लिटर सांगितली जाते. इथं दोनच्या वर जात असेल तर कुठंतरी गळती आहे किंवा सीओसी चारच्या खाली आहे. ०.३ निघत असेल तर एक तर एअर-कूल्ड आहे किंवा टँकरचं पाणी हिशेबात नाही. शेवटची शंका फेडायला शटडाऊनच्या दोन दिवसांची रीडिंग वेगळी मागा आणि त्याच दोन दिवसांची गेटवरची वाहन नोंदवही. टँकरचा नंबर तिथं वेळेसकट लिहिलेला असतो.